दहा खाटांची अट

नवव्या वर्षी मी पहिलं पत्रक पाठ केलं. ते नळाच्या पाण्याबद्दल होतं. माझे वडील हिंगोलीत एका छापखान्यात खिळे जुळवायचे. मोर्चा, सभा, चौदा एप्रिल, निवडणूक, सगळ्यांची पत्रकं त्यांच्या हातून जायची आणि खराब छापलेले कागद आमच्या घरी यायचे. आम्ही भावंडं कोऱ्या बाजूवर गणितं करायचो आणि छापील बाजू वाचायचो. त्यामुळे गणित कच्चं राहिलं आणि जाहीर निषेध करायची सवय पक्की झाली. सतराव्या वर्षी मी स्वतः पत्रकं लिहायला लागलो. चोविसाव्या वर्षी आरोग्य विम्याचा एजंट झालो. मित्रांनी या घटनेचा निषेध केला, पण तोंडीच, कारण लेखी निषेध मीच लिहून द्यायचो.

मला त्यात विसंगती वाटली नव्हती. गल्लीत कोणी आजारी पडलं की आम्ही घरोघर फिरून वर्गणी गोळा करायचो. विमा म्हणजे तीच वर्गणी, फक्त आजारपणाच्या आधी गोळा केलेली. हे माझं मत आजही आहे. कंपनीचं मत वेगळं असू शकेल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आयुर्विमा लोकांना माहीत होता. त्यात माणूस गेला तर घरच्यांना पैसे मिळतात आणि नाही गेला तर काही वर्षांनी त्यालाच मिळतात. आरोग्य विम्यात तुम्ही वर्षभर धडधाकट राहिलात तर हप्ता गेला. हे समजावताना माझी पहिली दोन वर्षं गेली. कनेरगाव नाक्यावर एका ढाबेवाल्यासमोर मी बसलो होतो ते आठवतं.

"म्हंजे आजारी न्हाई पडलो तर पैसे गेले?"

"गेले."

"आन् पडलो तर?"

"मिळतील. पण पहिले तीस दिवस न्हाई. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध पहिलं वर्षभर न्हाई. आधीपासूनचा आजार न्हाई. दाताचं न्हाई, चष्म्याचं न्हाई, बाळंतपणाचं न्हाई."

तो गिऱ्हाइकाच्या ताटात वरण वाढत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, तुमी इमा इकून राहिले का अडवून राहिले?"

कशाचे पैसे मिळणार नाहीत ते आधी सांगायचं, ही माझी पद्धत होती. धंद्यात ती कोणी शिकवत नाही. शिकवतात त्याच्या बरोबर उलट. तरी त्या ढाबेवाल्याने पॉलिसी घेतली, आणि वर्ष संपताना हिंगोलीला येऊन म्हणाला, घरात कोणी आजारी पडलं नाही, पैसे वापस द्या. औंढ्याच्या एका फुलवाल्या मावशींचा हिशेब निराळा होता. त्यांनी पॉलिसी संपायला पाच दिवस असताना निरोप पाठवला, "मुदत वाया चाल्ली, एखाद्या दवाखान्यात टाकता का मला?" दोघांनाही मी नाही म्हटलं. दोघंही रागावली. मावशींचा राग जास्त टिकला.

दोन हजार साल उलटलं आणि बाजारात खासगी कंपन्यांच्या योजना आल्या. आतापर्यंत एकच वस्तू होती, ती घ्या नाहीतर सोडा. आता तुलना आली, आणि तुलना म्हटल्यावर पत्रक आलंच.

मी तीन योजना घेतल्या. पहिली स्वस्त, पण तिच्या यादीतल्या दवाखान्यांतच चालणारी, आणि त्या यादीत आमच्यासाठी जवळात जवळचा दवाखाना नांदेडला. दुसरी मी विकायचो ती. हप्ता मधला, प्रत्येक माणसाचं संरक्षण वेगळं. तिसरी महाग, पण अख्ख्या घराला मिळून एकच रक्कम, ज्याला गरज पडेल त्याने वापरायची. लोकांना मी सांगायचो, दुसरीत प्रत्येकाचा आपापला तांब्या आहे, तिसरीत घराला एकच रांजण. एकट्याने रांजण संपवला तर बाकीचे त्या वर्षी तहानलेले. चार रकाने आखले: हप्ता किती, रक्कम किती, कशाचे पैसे मिळणार नाहीत, आणि दवाखाना कोणता. वर मथळा, 'विमा घेण्याआधी हे वाचा'. पिवळा कागद. खाली प्रकाशक म्हणून माझं नाव आणि मुद्रक म्हणून छापखान्याचं. वडील म्हणायचे, ज्याच्यावर नाव नाही ते पत्रक भिंतीला लावायच्या लायकीचं नाही.

कंपनीतले माझे वरचे साहेब, विकास अधिकारी, यांनी पत्रक दोन्ही हातांनी धरून वाचलं. "फायदे बारीक टाइपात आणि तोटे ठळक?"

"साहेब, फायदे सगळेच सांगतात."

"आणि या स्वस्तवाल्यांची जाहिरात तू कशासाठी करतोस?"

"ज्याला नांदेड जवळ पडतं त्याच्यासाठी ती योजना बरी आहे."

त्यांनी पत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, मी हे पाहिलेलं नाही. त्या वर्षी माझ्यामुळे स्वस्त योजनेच्या एजंटाचा धंदा चांगला वाढला. दिवाळीला त्याने मला डबाभर चिवडा पाठवला. आम्ही तो खाल्ला.

या पत्रकामुळेच हरिभाऊ आडे माझ्याकडे आले. कळमनुरीपासून आत बंजाऱ्यांचा एक तांडा आहे, तिथे त्यांची पिठाची गिरणी. शांत माणूस. केसांवर, भुवयांवर कायम पीठ. सलग तीन आठवडे बाजारच्या दिवशी ते मला कळमनुरीत गाठत राहिले. दर वेळी पत्रक प्लास्टिकच्या पिशवीतून काढायचे आणि एक रकाना विचारून घ्यायचे. तिसऱ्या आठवड्यात शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इथं लिव्हलं हाय, दवाखाना कोनताबी चालंल. कोनताबी म्हंजे?"

"म्हंजे कोणताही. कळमनुरीतला, हिंगोलीतला, जो जवळ असेल तो."

"बराबर. त्या स्वस्तवाल्यात नांदेडलाच जा म्हनतेत. आमच्या तांड्यावरून नांदेडला नेईपर्यंत मानूस राहतो का?"

त्यांनी महाग पडत असूनही माझी योजना घेतली, त्या एका ओळीसाठी. एवढ्यावर थांबले असते तर पुढचं इतकं अवघड झालं नसतं. त्यांनी पत्रक गिरणीत डकवलं. दळणाला येणाऱ्यांना वाचून दाखवलं. महिन्याभरात तांड्यावरच्या आणखी अकरा घरांनी पॉलिसी घेतली. त्यातली निम्मी माणसं मला ओळखतही नव्हती. ती हरिभाऊंना ओळखायची. त्यांचं दळण गेली पंधरा वर्षं हरिभाऊ करत होते आणि पिठात कधी घट आली नव्हती, त्यामुळे विम्यातही येणार नाही असा त्यांचा हिशेब होता.

दोनेक महिन्यांनी हरिभाऊंच्या बायकोच्या, सुगंधाबाईंच्या पोटात दुखायला लागलं. जीपने कळमनुरीला आणलं. अपेंडिक्स. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन केलं आणि ते उत्तम केलं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे त्या दवाखान्याबद्दल बरंच काही यायचं आहे. नांदेडला न्यायला निघाले असते तर वाटेतच अपेंडिक्स फुटलं असतं असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे हरिभाऊंची निवड बरोबर ठरली होती. मी स्वतः फॉर्म भरला, बिलं जोडली, आणि तांड्यावर जाऊन चहा पिऊन आलो.

महिन्याने पत्र आलं. इंग्रजीत. सदर रुग्णालय पॉलिसीतल्या 'रुग्णालय' या शब्दाच्या व्याख्येत बसते का, याचा खुलासा व्हावा. प्रत्यक्ष पाहणीसाठी तपासणीस येतील. तोवर क्लेम थांबवला आहे. थोडक्यात, सुगंधाबाईंचं अपेंडिक्स काढण्यात आलं होतं, पण ते रुग्णालयात काढलं की नाही हे ठरायचं होतं.

मी पॉलिसीचं पुस्तक उघडलं. त्या पुस्तकातलं, कशाचे पैसे मिळणार नाहीत ते पान मला तोंडपाठ होतं. पण त्याच्या आधी एक पान असतं, व्याख्यांचं. विमा म्हणजे काय, आजार म्हणजे काय, रुग्णालय म्हणजे काय. पत्रकांवर वाढलेल्या माणसाला प्रस्तावना वाचायची सवय नसते, तो थेट मागण्यांवर जातो. ते पान मी तीन वर्षं उलटत आलो होतो. त्यावर लिहिलं होतं: रुग्णालय म्हणजे नोंदणी झालेलं, आणि नोंदणी नसेल तर रुग्णांसाठी किमान दहा खाटा असलेलं. पुढे आणखीही होतं, पण मी दहावरच थांबलो.

दुसऱ्या दिवशी कळमनुरीला जाऊन खाटा मोजल्या. आठ. पुन्हा मोजल्या. दुसऱ्या मोजणीच्या वेळी डॉक्टर मागे येऊन उभे राहिले होते.

"इन्कम टॅक्सवाले का?"

मी सगळं सांगितलं. नोंदणीचं विचारलं, तर ती करायची राहूनच गेली होती. डॉक्टर काही घाबरले नाहीत. "दोनच कमी आहेत ना? लग्नात वऱ्हाडाला मिळतात, मला नाही मिळणार? बिछायतवाल्याला सांगतो, दोन लोखंडी पलंग एका दिवसासाठी आणून टाकेल. तुम्ही फक्त बोलू नका."

मी विरोध केला नाही. हे इथे नोंदवून ठेवतो. भ्रष्टाचारावर तीन पत्रकं लिहिलेला माणूस मी, त्या दिवशी "बरं" म्हणालो आणि बसस्टँडवर येऊन गाडीची वाट बघत बसलो. खाटा हा डॉक्टरांचा विषय आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. तांड्यावर बायकांनी गिरणीत विचारायला सुरुवात केली होती, "दादा, पैसे आले का वैनीचे?" हरिभाऊ म्हणायचे, येऊन राहिले. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. उत्तर देताना ते गिरणीचा पट्टा बघायचे.

पाहणीच्या दिवशी मी दहाच्या सुमाराला दवाखान्यात पोहोचलो. बिछायत केंद्राचे दोन पलंग आले होते, पायांवर केंद्राचं नाव लाल रंगात रंगवलेलं. ते भिंतीकडे फिरवून झालं. डॉक्टर समाधानी होते. तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर थांबला.

ट्रॉलीत चार बाजा होत्या, दोरीने विणलेल्या, आणि सात माणसं. हरिभाऊ पुढे येऊन मला बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टर म्हने दोन कमी हायेत. आमी म्हनलं दोन कशाला, चार आनू. कमी नको पडाया."

डॉक्टरांना नाही म्हणता येईना, कारण ट्रॉलीतून उतरलेल्या सातांपैकी पाच त्यांचे जुने पेशंट होते. बाजा व्हरांड्यात मांडल्या गेल्या. आता चौदा झाल्या. कळमनुरीच्या मानाने हे फार मोठं रुग्णालय झालं. बाजा मांडल्यावर माणसांनी परत जावं अशी अपेक्षा होती. माणसं बाजांवर बसली, भाकरीची फडकी सोडली आणि आपसात आपल्या गोरमाटी बोलीत गप्पा मारायला लागली.

तपासणीस नांदेडहून आले. साठीला टेकलेले, सडपातळ, हातात कापडी पिशवी. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. वॉर्डातून हळूहळू फिरले. वहीत रेघा ओढत होते, पाच झाल्या की आडवी. बिछायतवाल्याच्या पलंगापाशी वाकून पाय बघितले आणि सरळ झाले. व्हरांड्यात आले. पहिल्याच बाजेवर हरिभाऊंचे चुलते भोजूबाबा बसले होते. ऐंशीचे असतील. फेटा, कानात बाळी, समोर उघडी भाकरी.

"बाबा, कधीपासून दाखल आहात?"

"दाखल?"

"म्हणजे काय तकलीफ आहे?"

"काई तकलीफ न्हाई. मी पेशंट न्हाई, बाजेचा मालक हाय."

"मग इथे?"

"बाज दिली डॉक्टरला. पन दवाखान्यात शंभर मानसं येतेत जातेत. नजर ठेवाया आलो."

तपासणीसांनी पुढच्या बाजेकडे पाहिलं. तिथल्या माणसाने न विचारताच सांगितलं, "ही माझी." तिसऱ्या बाजेवरचे दोघं भाऊ होते, त्यांची सामाईक होती. डॉक्टर आत जाऊन कोणाचा तरी रक्तदाब तपासायला लागले.

तपासणीसांनी वहीतल्या काही रेघा खोडल्या. "आठ," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. रोज असंच काहीतरी बघून येणाऱ्या माणसाचा आवाज होता. "आडे कोण?"

हरिभाऊ उठले. त्यांनी पिशवीतून पत्रक काढलं. घड्यांवर ते फाटत आलं होतं. "साहेब, आमाला खाटा ठाऊक न्हवत्या. यात लिव्हलंय, दवाखाना कोनताबी चालंल. मी हे अकरा घरांना वाचून दावलं. आता तुमी सांगा, मी त्यांना काय वाचून दावू?"

तपासणीसांनी पत्रक वाचलं. पूर्ण वाचलं, ठळक तोटे आणि बारीक फायदे, दोन्ही. "हे कंपनीने छापलं?"

हरिभाऊ माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते, हे मला कळत होतं. त्यांनी माझं नाव घेतलं नसतं.

"मी छापलं," मी म्हटलं. "ओळ चुकीची आहे. व्याख्येचं पान मी वाचलं नव्हतं. आणि हे पलंग येणार हे मला परवापासून माहीत होतं."

"पलंगांचं मी विचारलं नाही," ते म्हणाले. मग मला व्हरांड्याच्या कडेला घेऊन गेले. "हे बघा. खाटांवर हा क्लेम बसत नाही, मी तसंच लिहिणार. पण एजंटाने लेखी सांगितलं म्हणून गिऱ्हाइकाने योजना निवडली, असा कागद फाईलला लागला तर वरचे लोक विचार करतात. हे पत्रक मी लावलं तर यांचं काम कदाचित होईल. तुमचं होणार नाही. परवानगीशिवाय कंपनीच्या योजनेबद्दल छापलंय तुम्ही."

"लावा."

"खाली सही करा मग, की हे तुमचंच आहे."

त्यांनी कागद माझ्यापुढे धरला, स्वतःच खालची ओळ बघितली आणि पेन परत खिशात ठेवलं. "राहू द्या. नाव छापलेलंच आहे."

लहानपणापासून माझी इच्छा होती की माझं पत्रक एखाद्या मोठ्या कार्यालयात पुरावा म्हणून दाखल व्हावं. ती अशी पूर्ण झाली.

दोन महिन्यांनी क्लेम मंजूर झाला, 'अपवाद म्हणून' असा शेरा मारून. हरिभाऊंनी मंजुरीचं पत्र, न समजणाऱ्या इंग्रजीसकट, गिरणीत जुन्या पत्रकाच्या जागी डकवलं. त्याच आठवड्यात माझंही पत्र आलं. एजन्सी सहा महिने बंद. विकास अधिकारी म्हणाले, "मी ते पत्रक पाहिलं नव्हतं म्हणून वाचलो."

त्या सहा महिन्यांत मी दुसऱ्याच्या दुकानात झेरॉक्स काढल्या आणि रिकाम्या दिवशी जिल्ह्यातल्या दवाखान्यांच्या खाटा मोजल्या. हिंगोली, कळमनुरी, औंढा, वाटेतली गावं. नोंदणी आहे का ते विचारलं. बऱ्याच डॉक्टरांनी चहा दिला, काहींनी हाकललं, एकाने मलाच दाखल करून घ्यायची तयारी दाखवली. त्यातून नवं पत्रक झालं. त्यात खाटा आणि नोंदणीचा पाचवा रकाना होता. या वेळी छापण्याआधी कंपनीला पाठवलं. कंपनीने अजून उत्तर दिलेलं नाही, त्यामुळे ते मी वहीत ठेवून तोंडी वाचतो.

एजन्सी परत सुरू झाल्यावर पहिला गेलो तो तांड्यावर. बारा घरांच्या नूतनीकरणाची तारीख उलटायला थोडेच दिवस होते आणि कोणाचाच निरोप नव्हता. हरिभाऊंनी मला बघितलं, गिरणी बंद केली. दळणाला आलेल्या बाया, दोन-चार पुरुष, सुगंधाबाई, सगळे दारात जमले. गिरणी थांबल्यावर तिथे एवढी शांतता होते हे मला माहीत नव्हतं.

"वाचा," हरिभाऊ म्हणाले. "त्या पानापासून वाचा."

मी व्याख्येचं पान वाचलं. पहिल्या शब्दापासून, मराठी करत. विमा म्हणजे काय, आजार म्हणजे काय, रुग्णालय म्हणजे काय. कोणी उठलं नाही. मग खाटांची वही उघडली. कळमनुरीच्या त्या दवाखान्यावर आलो तेव्हा भोजूबाबांनी हात वर केला.

त्यांच्या बाजेचं राहिलंच सांगायचं. पाहणीच्या दिवशी बाकीच्या तीन बाजा ट्रॅक्टरने परत गेल्या. भोजूबाबांची चढवायच्या आधीच तिच्यावर एक बाळंतीण टेकली होती. निजलेल्या बाईला उठवायचं कसं, म्हणून ते दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. बाज रिकामी होईना. मग त्यांनी नाद सोडला. बाजारच्या दिवशी जातात, दोरी आवळून परत येतात. तिथल्या नर्स त्यांना मालक म्हणतात. डॉक्टरांनीही लाजेखातर एक नवा लोखंडी पलंग घेतला आणि नोंदणीचा अर्ज केला.

"आता किती झाल्या तिथं?" भोजूबाबांनी विचारलं.

"दहा."

"माझी धरून?"

पॉलिसीच्या त्या पानावर सगळ्याची व्याख्या आहे, खाटेची नाही. मी दोनदा शोधली होती. बाज चालते की नाही, हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं, आणि या वेळी मी तेच सांगितलं.

"तुमची धरून दहा, बाबा. पण कंपनी तुमची बाज धरंल का न्हाई, हे मला ठाऊक न्हाई. नोंदणी येईपर्यंत त्या दवाखान्यावर भरवसा ठेवू नका."

मग सुगंधाबाई आत गेल्या आणि हप्त्याचे पैसे घेऊन आल्या. त्यांच्यामागे आणखी सहा घरं उठली. पाच घरांनी त्या वर्षी पॉलिसी घेतली नाही, आणि मी त्यांना आग्रह केला नाही.

भोजूबाबा शेवटी उठले. त्यांनी पॉलिसी कधीच घेतली नव्हती, त्या वर्षीही घेतली नाही. दाराशी थांबून हरिभाऊंना म्हणाले, "कंपनी न्हाई धरत तर न धरो. त्या बाळंतिणीनं धरली व्हती."

हरिभाऊंनी गिरणी सुरू केली.